झोप, जाग आणि मधला उंबरठा: अपस्माराच्या रेकॉर्डिंगवरच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून नोंदी लिहायला घेते. काम असं आहे: प्रयोगशाळेत आधी होऊन गेलेल्या दोन प्रयोगांमधली ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) आणि व्हिडिओची रेकॉर्डिंग पुन्हा उघडायची, त्यातला अपस्माराचा प्रत्येक झटका शोधायचा, आणि तो येण्याआधी प्राणी जागा होता, झोपेत होता की दोन्हींच्या मध्ये कुठे, ते लिहायचं. नवा एकही प्राणी वापरायचा नाही. मॅडम पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "ज्यांच्या डोक्यात आपण इलेक्ट्रोड बसवले, त्यांच्या निम्म्या फाइली अजून कुणी उघडलेल्याही नाहीत. आधी त्या वाच, मग नव्याचं बोलू." मला हे मनापासून पटलं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी तीन सूत्रं मांडली: पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नका, वापरावेच लागले तर संख्या कमी ठेवा, आणि त्यांचा त्रास कमी करा. जुन्या फाइली नीट वाचणं हे दुसऱ्या सूत्राचंच काम आहे.

शब्दांचं आधी ठरवून टाकते. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर. प्रयोगात मात्र दोघांच्या झोपेत आणि झटक्यांत पुष्कळ फरक असतो, म्हणून इथे रॅट आणि माऊस असंच लिहीन. डोळ्यांची जलद हालचाल होते ती 'रेम झोप', बाकीची सगळी 'शांत झोप'.

पहिला संच वॅग-रिज रॅटचा. या जातीत अपस्मार जन्मजात येतो, पण आकडी येऊन अंग आखडत नाही. चालता चालता किंवा बसल्या जागी रॅट थिजतो, मिशा थरथरतात, श्वास भरभर होतो, आणि ईईजीवर सेकंदाला ७ ते ११ या वेगाने टोकदार काटा आणि लाट, काटा आणि लाट अशी रांग उमटते. साधारण पाच सेकंदांत सगळं संपतं आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. प्रौढ रॅटला असं तासातून पंधरा-वीस वेळा होतं. लहान मुलांमध्ये दिसणाऱ्या ॲबसेन्स अपस्माराचं हे प्राण्यातलं रूप मानतात.

दुसरा संच कायनिक ॲसिड, म्हणजे चेतापेशींना जोरात चेतवणारं रसायन, दिलेल्या रॅटचा. त्यात आधी तासन्‌तास चालणारा मोठा झटका, मग काही आठवड्यांची शांतता, आणि त्यानंतर आपोआप येणारे झटके, बहुतेक हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाच्या आसपास सुरू होणारे. माणसाच्या टेम्पोरल लोब (मेंदूचा कानामागचा भाग) अपस्माराशी जुळणारं हे मॉडेल.

५ जून

हिशेब मांडला. चार सेकंदांचा एक तुकडा धरला तर एका दिवसाचे २१,६०० तुकडे, सात दिवसांचे १,५१,२००. हे एका प्राण्याचं. सगळं हातानं होणार नाही, म्हणून आधी प्रोग्रॅमकडून स्कोअरिंग, म्हणजे प्रत्येक तुकडा जागेचा की झोपेचा ते ठरवणं, आणि मग झटक्यांच्या आसपासचं मी डोळ्यांनी तपासायचं.

नियम नेहमीचेच. मानेच्या स्नायूंचा सिग्नल मोठा आणि ईईजी बारीक, तर जाग. स्नायू शांत आणि सेकंदाला अर्धा ते चार या वेगाच्या मोठ्या लाटा, तर शांत झोप. स्नायू जवळजवळ सपाट आणि सहा ते नऊ या वेगाची एकसारखी थीटा लय, तर रेम. यातल्या कशातच न बसणारा तुकडा 'अनिश्चित' या रकान्यात जातो आणि पुढच्या हिशेबातून गळतो.

११ जून

आज दिवसभर एकाच चुकीमागे होते, पण चूक मोलाची निघाली.

वॅग-रिजच्या पहिल्या फाइलीत प्रोग्रॅमने भरपूर रेम झोप दाखवली. तीही जागेपणातून थेट. रॅट जागेपणातून सरळ रेममध्ये जात नाही, आधी शांत झोप लागते. एखादा तुकडा असता तर दुर्लक्ष केलं असतं, पण हे तासातून कितीतरी वेळा घडत होतं. शेवटी कच्चा ईईजी उघडला. त्या 'रेम'च्या जागी काटा-लाटांची रांग होती.

नियम पाहिले तर चूक होणारच होती. झटक्यात रॅट थिजलेला, म्हणजे स्नायूंचा सिग्नल लहान. काटा-लाटांचा वेग ७ ते ११, थीटाचा ६ ते ९, दोन्ही एकमेकांवर चढतात. प्रोग्रॅमला फक्त वेग आणि स्नायू दिसतात, लाटेचा आकार दिसत नाही. त्याने झटक्यालाच झोप म्हटलं. झोपेचा आणि झटक्याचा संबंध शोधायला बसले आणि मोजण्याचं साधनच दोघांना एक समजत होतं.

आता झटके आधी वेगळे शोधून काढायचे आणि ते तुकडे झाकून मगच झोपेचं स्कोअरिंग करायचं, असा क्रम लावला.

१२ जून

कालच्या फाइली पुन्हा चालवल्या. जागेपणातून थेट येणारी रेम नाहीशी झाली. खरी रेम आता जिथे असायला हवी तिथे, शांत झोपेच्या शेपटाला दिसते.

१७ जून

माझ्या सोबत्याने आणि मी तेच दोन तास, म्हणजे १,८०० तुकडे, एकमेकांना न विचारता स्कोअर केले. गाढ झोपेत आमचं जवळजवळ सगळं जुळलं. ठणठणीत जागेपणीही जुळलं. भांडण झालं ते डुलकीवर. रॅट एका जागी बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, ईईजीत मोठी लाट येते आणि लगेच विरते. मी म्हणाले झोप, तो म्हणाला जाग. तिसऱ्यांदा तोच तुकडा पाहिल्यावर दोघांनीही आपलं मत बदललं, आणि पुन्हा जुळलं नाहीच.

काटा-लाटांच्या रांगा बघायला गेलो तर बहुतेक नेमक्या याच भांडणाच्या जागेजवळ होत्या.

हे काही आमचं नवं नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या गटाने १९९१ मध्येच दाखवलं होतं की वॅग-रिजमध्ये हे झटके निवांत जागेपणी, हलक्या झोपेत आणि एका अवस्थेतून दुसरीत जाताना जास्त येतात. रॅट हुंगत, खात, फिरत असेल तेव्हा कमी, आणि गाढ झोपेत व रेममध्येही कमी. वाचलेलं होतं. पण आपल्याच 'अनिश्चित' रकान्यात ते पडलेलं पाहणं वेगळं. नियमाने जे गळतं, त्यातच हवं ते आहे असं वाटू लागलंय. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाटणं ठीक आहे, आधी नियम काय होता ते लिहून ठेव." ठेवला.

२४ जून

मांजरांवरचं जुनं काम वाचलं. झोपेचं आणि अपस्माराचं नातं ज्यांनी पहिल्यांदा खोलात जाऊन उकललं ते बहुतेक मांजरांच्या मेंदूतून.

पिएर ग्लूर यांच्या गटाने मांजरांना पेनिसिलिनचा मोठा डोस दिला. मेंदूच्या वरच्या थराची चेतना वाढली आणि काटा-लाटा दिसू लागल्या. त्यांचं लक्ष गेलं ते सुरुवातीकडे: झोप लागताना थॅलॅमस (मेंदूच्या मध्यात खोलवर असलेला भाग) आणि वरचा थर मिळून ज्या छोट्या लहरमाळा तयार करतात, ज्यांना झोपेच्या स्पिंडल म्हणतात, त्यांच्याच जागी हळूहळू काटा-लाटा उमटत गेल्या. म्हणजे झोप लावणारी यंत्रणाच, वरचा थर जरा जास्त चेतलेला असला की, झटका तयार करते. स्टेरियादे यांच्या मांजरांवरच्या कामातून ही यंत्रणा आणखी स्पष्ट झाली. थॅलॅमसभोवती चेतापेशींचं जे जाळीदार वेष्टन असतं, ते बाकीच्या मेंदूपासून तोडलं तरी एकटं स्पिंडल काढत राहतं.

चित्र सुंदर आहे, पण पूर्ण नाही. २००२ मध्ये मेरेन आणि सहकाऱ्यांनी वॅग-रिजच्या मेंदूत एकाच वेळी बऱ्याच ठिकाणांहून नोंद घेतली, तेव्हा झटका वरच्या थरातल्या एका ठराविक जागेतून सुरू होताना दिसला. ती जागा तोंडाभोवतालच्या आणि मिशांच्या स्पर्शाची. थॅलॅमस मागून सामील होतो आणि मग दोघं एकमेकांना ओढत राहतात. मिशा का थरथरतात, हे मला ते वाचताना कळलं. तोवर मी ती थरथर फक्त खूण म्हणून मोजत होते.

माझं मत सध्या असं: स्पिंडल आणि काटा-लाटा यांचा रस्ता एकच, पण प्रवासी वेगळे. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं असं रॅटबद्दल मी लिहिणार नाही.

२ जुलै

दुसरा संच सुरू केला. रॅट ११.

व्हिडिओत तो कोपऱ्यात अंगाचं वेटोळं करून झोपलेला. ईईजीत गाढ झोपेच्या मोठ्या लाटा. मग तीन-चार सेकंद लाटा लहान होतात, मान जराशी उचलली जाते, जसं कुणी झोपेत कूस बदलताना क्षणभर जागं व्हावं. आणि तिथेच हिप्पोकॅम्पसच्या तारेवर पहिला काटा. पुढे रॅसीन यांनी १९७२ मध्ये लावलेल्या पायऱ्या क्रमाने: तोंडाची चघळल्यासारखी हालचाल, मान डोलणं, पुढच्या पायांचे झटके, मागच्या पायांवर उभं राहणं, आणि पडणं. मिनिटभरानंतर तो कुशीवर, बरगड्या जोरजोरात हलतायत.

मी व्हिडिओ बंद केला नाही. पुढची वीस मिनिटं पाहिली. हे प्राणी आता नाहीत, त्यांच्या मेंदूच्या चकत्या काचपट्ट्यांवर आहेत. तो उठून पाण्यापर्यंत गेला, न पिता परत आला, आणि झोपला. झोप गाढ होती, रेम मात्र बराच वेळ आली नाही.

नात्याची दुसरी बाजू ही. झटक्यात चेतापेशींचं इंधन झपाट्याने जळतं आणि ॲडेनोसिन साचतं. तेच ॲडेनोसिन दिवसभर जागलेल्या मेंदूतही साचतं आणि झोपेची ओढ लावतं. तेच झटका थांबवायलाही मदत करतं. एकच रेणू झटक्यावर पाणी ओततो आणि प्राण्याला झोपवतो. म्हणून झटक्यानंतरच्या झोपेला फक्त थकवा म्हणून सोडून देणं मला चूक वाटतं. तक्त्यात 'झटक्यानंतरचे पहिले दोन तास' असा रकाना वाढवला.

९ जुलै

पहिला आलेख काढला आणि तोच आनंदाने सगळ्यांना दाखवला. दुसऱ्या संचात झोपेत आलेले झटके जागेपणीच्या झटक्यांपेक्षा कितीतरी जास्त. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तो झोपला किती तास?"

मी वेळेने भागलंच नव्हतं. रॅट दिवसाकाठी बारा-तेरा तास झोपतो आणि त्यातला मोठा भाग उजेडात. उजेडाच्या १२ तासांपैकी समजा ८ तास झोपला, तर झटके चिठ्ठ्या उधळल्यासारखे कुठेही पडले तरी तिनातले दोन झोपेतच सापडणार. त्यात झोपेचा हात आहे असं म्हणता येत नाही. रेमचं उलटं. रेम दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर, तिथे झटके मोजकेच दिसणार. मोजके म्हणजे रेम राखणदार आहे असं नव्हे, वेळेने भागल्यावरही कमी राहिले तरच तसं म्हणायचं.

आलेख काढून टाकला. नवा नियम: प्रत्येक अवस्थेतल्या एका तासामागे किती झटके, एवढंच दाखवायचं.

गॉवर्स यांनी १८८५ मध्ये रुग्णांचे तीन गट केले होते: फक्त दिवसा झटके येणारे, फक्त रात्री येणारे आणि कधीही येणारे. साधारण पाचातल्या एकाला फक्त रात्रीच येत. त्यांच्याकडे ईईजी नव्हता, बर्गर यांनी माणसाचा ईईजी जगापुढे मांडला तो १९२९ मध्ये. तरी त्यांनी वेळ मोजली. आपल्याकडे सगळी यंत्रं असून मी मोजली नाही, हे लागलं.

१५ जुलै

नव्या हिशेबातही काहीतरी अडत होतं. काही रॅटमध्ये झटक्यांची गर्दी दुपारी, काहींमध्ये मध्यरात्रीनंतर, आणि एकत्र केलं की आलेख सपाट. प्राणिगृहात, तिथली देखभाल करणाऱ्या काकांकडे गेले. फाइलींचे क्रमांक वाचून दाखवले.

"यातले निम्मे उलट्या खोलीतले आहेत बाई," काका म्हणाले. "तिथे दिवे रात्री लागायचे आणि दिवसा बंद असायचे. लाल दिव्यात काम करायचो आम्ही."

"फाइलीत तसं कुठे लिहिलेलं नाही, काका."

"फाइलीत नसेल. दारावरच्या वहीत आहे."

वही आणली. प्रत्येक प्राण्याची वेळ भिंतीवरच्या घड्याळाऐवजी दिवे लागण्याच्या क्षणापासून मोजली. सपाट आलेखाला आकार आला: उजेडाच्या उत्तरार्धात उंचवटा. चांगल्या रेकॉर्डिंगपेक्षा त्या वहीने आज जास्त काम केलं.

आणि इथेच या विषयातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं निरीक्षण आठवलं. मार्क क्विग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या अपस्माराचे रॅट आणि टेम्पोरल लोब अपस्माराचे रुग्ण यांच्या झटक्यांच्या वेळा शेजारी ठेवल्या. दोघांतही गर्दी दुपारकडे झुकलेली. पण दुपारी माणूस जागा असतो आणि रॅट झोपलेला! झटका झोपेमागे जात असता तर दोघांच्या वेळा उलट्या यायला हव्या होत्या. पुढे त्यांनी रॅटना सतत अंधारात ठेवलं, उजेडाची काही खूणच राहू दिली नाही, तरी झटक्यांची रोजची लय टिकली. म्हणजे ती लय बाहेरच्या दिव्याची नाही, शरीराच्या आतल्या घड्याळाची.

मग झोपेचं काय? 'झोपेत झटके येतात' या एका वाक्यात मी तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: त्या क्षणी मेंदू कुठल्या अवस्थेत आहे, आतल्या घड्याळात किती वाजलेत, आणि झोपेची उधारी किती साचली आहे. रॅट उजेडात झोपतो तेव्हा पहिल्या दोन एकत्र सरकतात आणि एकीचं श्रेय दुसरीला जातं. घड्याळाच्या एकाच तासातली झोप आणि जाग एकमेकांशी ताडून पाहिली, तरच पहिली गोष्ट सुटी होते. उद्यापासून तसंच.

१८ जुलै

तासवार जोड्या लावून झाल्या. काम कंटाळवाणं, पण आवश्यक. व्हिडिओचं घड्याळ काही फाइलींत ईईजीच्या मागे रेंगाळलंय. काका खाणं टाकताना पिंजऱ्याचं झाकण वाजतं, त्या क्षणाचा धक्का दोन्हीकडे उमटतो, त्यावरून जुळवलं.

२६ जुलै

रेमवरचा आठवडा. ही नोंद लांबेल.

वेळेने भागल्यावरही रेममध्ये झटके कमीच येतात, हे मांजर, रॅट, माणूस सगळीकडे पुन्हा पुन्हा दिसलंय. प्रश्न असा की राखण करतं कोण? रेममध्ये एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. वरचा थर जागेपणासारखा विखुरलेल्या लयीत काम करतो, शांत झोपेसारखा एका तालात नाही. आणि मानेपासून खालचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात. झुवे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरात ही सैल अवस्था दाखवली आणि पुढे ब्रेनस्टेममधली, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातली, एक जागा नाहीशी केली की मांजर रेममध्येही उठून हालचाल करतं, हेही दाखवलं.

मार्गारेट शाउस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये नेमकी ही गाठ सोडवली. मांजरांच्या एका गटात त्यांनी ब्रेनस्टेममधली ती जागा काढली, म्हणजे रेम राहिली पण स्नायू सैल पडेनात. अंगाचे झटके रेममध्येही दिसू लागले. दुसऱ्या गटात ॲट्रोपिन हे औषध देऊन वरच्या थराची विखुरलेली लय मोडली, म्हणजे रेम राहिली पण ईईजी एका तालात आला. तिथे झटक्याची वीज मेंदूभर पसरू लागली. एकच राखण नाही, दोन आहेत. सैल स्नायू झटक्याला शरीरात उतरू देत नाहीत, विखुरलेली लय त्याला मेंदूत पसरू देत नाही. मी वाचलेल्या प्रयोगांत इतकी स्वच्छ विचारलेली दोन प्रश्नांची जोडी क्वचितच सापडली. ती उत्तरं मांजरांच्या मेंदूला इजा करून मिळाली आहेत, हेही त्याच ओळीत लिहून ठेवते.

आणि एक उलटी बाजू. २०१६ मध्ये हाजेक आणि बुकॅनन यांनी माऊसमध्ये वेगवेगळ्या अवस्थांत विजेचा धक्का देऊन झटका आणला. रेममध्ये आणलेला झटका प्राणघातक ठरला, श्वास थांबला. ज्या अवस्थेत झटका सहसा येत नाही, तिथे आणलाच तर शरीराकडे बचाव नाही. अपस्मार असलेल्या माणसांचे अचानक होणारे मृत्यू बरेचदा रात्री, अंथरुणात, कुणी पाहत नसताना होतात. झोप आणि अपस्मार हा विषय माझ्यासाठी आलेखांपुरता राहत नाही, तो याचसाठी.

४ ऑगस्ट

बैठकीत सूचना आली: झोप मोडली की झटके वाढतात, तर काही रॅटना जागवून पाहू या. मी विरोध केला.

झोप मोडण्याचा परिणाम खोटा आहे असं माझं म्हणणं नव्हतं. कोहेन आणि डिमेंट यांनी १९६५ मध्येच दाखवलं की रेम झोप तोडलेल्या रॅटमध्ये विजेने आकडी येण्याचा उंबरठा खाली येतो. माझी हरकत पद्धतीला होती. पाण्याने वेढलेल्या छोट्या चबुतऱ्यावर रॅट ठेवायचा, रेम लागून स्नायू सैल पडले की तो पाण्यात पडतो आणि जागा होतो. तो भिजतो, गारठतो, घाबरतो, हलू शकत नाही. झटके वाढले तर ते रेम गेल्यामुळे, ताणामुळे की थंडीमुळे? हळुवार हाताळून जागं ठेवण्याची पद्धत सौम्य आहे, पण काही तासांपुरतीच.

मी म्हणाले, आपल्याकडे न मोडता मोडलेली झोप आधीच आहे. पिंजरे बदलायचे दिवस, शेजारच्या खोलीत दुरुस्ती चालली ते दिवस. काकांच्या वहीत सगळं आहे. त्या दिवसांची झोप आणि पुढचे झटके आधी पाहू. ठरलं तसं. काका वहीचं कव्हर बदलायचं म्हणतायत, मी म्हटलं आधी स्कॅन करू.

१३ ऑगस्ट

थोडं बाजूला, पण सोडवत नाही. फळमाशीत शेकर नावाचा जीन आहे. तो बिघडलेल्या माश्या ईथरने गुंगवल्या की पाय थरथरवतात, म्हणून हे नाव. २००५ मध्ये चिरेली आणि सहकाऱ्यांनी सर्वांत कमी झोपणाऱ्या माश्यांचा शोध घेतला तेव्हा त्यांना याच जीनमधला बिघाड सापडला. हा जीन पेशीबाहेर पोटॅशियम जाऊ देणाऱ्या दाराचा. त्याचाच सस्तन प्राण्यांतला नातलग माऊसमधून काढला तर माऊसला जबर झटके येतात, झोपही तुटपुंजी होते, आणि बरेच अकाली मरतात. जाग टिकवणाऱ्या ओरेक्सिनला अडवणारं औषध त्या माऊसना दिलं तेव्हा झोप सुधारली आणि झटकेही कमी झाले.

ड्रॅव्हे सिंड्रोम या तान्हेपणी सुरू होणाऱ्या जबर अपस्माराच्या माऊसमध्ये दार सोडियमचं, आणि बिघाड मुख्यतः लगाम घालणाऱ्या पेशींमध्ये. स्पिंडल आणि मोठ्या लाटा घडवण्यात त्याच पेशींचा हात असतो. कालुमे यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की या माऊसची झोपही बिघडलेली असते. इथे झटक्यामुळे झोप बिघडली की झोपेमुळे झटका, असं विचारण्यात अर्थ नाही. दार एकच आहे आणि ते दोन्ही खोल्यांना आहे.

२१ ऑगस्ट

'अनिश्चित' रकाना शेवटी उघडला.

चार सेकंदांचे तुकडे सोडून एकेक सेकंदाचे केले आणि प्रत्येक झटक्याआधीचं अर्धं मिनिट पुन्हा वाचलं, झटका कुठे आहे ते झाकून. सोबत्याने वेगळं वाचलं. या वेळी 'जाग' किंवा 'झोप' असं लिहायचं नव्हतं. लाट वाढते आहे की विरते आहे, म्हणजे प्राणी कुठल्या दिशेने चाललाय, एवढंच. आश्चर्य म्हणजे ज्या डुलकीवर जूनमध्ये आम्ही भांडलो, तिच्या दिशेवर आमचं एकमत झालं. तो झोपलाय का, यावर नाही. तो झोपेकडे चाललाय, यावर.

वॅग-रिजमध्ये रांगा बहुतेक झोपेकडे उतरताना. कायनिक संचात जे झटके आम्ही शांत झोपेत धरले होते, त्यांतल्या बऱ्याच झटक्यांच्या आधी रॅट ११ सारखं ते कूस बदलल्यासारखं क्षणभराचं जागणं आहे. ते जागणं झटक्याला वाट देतं, की झटक्याची पहिली हालचाल म्हणूनच ते जागणं येतं, हे ईईजीवर दोन तारांनी ठरणार नाही. पण झटका न आलेली जागणी फाइलींत हजारोंनी आहेत. तीच तुलनेसाठी वापरायची.

मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "जुना नियम लिहून ठेवला होतास ना?"

"हो. १७ जूनला."

"मग नवा त्याच्याखाली लिही. दोन्हींनी मोज. आणि कुठे फरक पडतो तेच आधी दाखव."

२२ ऑगस्ट

नियम २: एक सेकंदाचा तुकडा. अवस्थेबरोबर दिशाही लिहायची: उतरती, चढती, स्थिर. अनिश्चित तुकडे गाळायचे नाहीत. वेळ दिवे लागल्यापासून. झटके झाकून स्कोअरिंग.

रॅट १ ची फाइल पुन्हा पहिल्या सेकंदापासून उघडली. काका दार ढकलून वहीची स्कॅन केलेली पानं ठेवून गेले, त्यात एका पानावर पेन्सिलीने लिहिलंय: 'दिवे २० मिनिटं उशिरा लागले.' ते आधी तक्त्यात घालते.